एकच डबी

त्वचेच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या.

"वहिनी, चेहरा धुऊन बसायला सांगितलंय."

"खाज मानेला आहे, चेहरा कशाला? आणि हे गाडी लावून येतीलच इतक्यात. ह्यांच्यासमोर नको."

"नवऱ्यासमोर कसली लाज?"

"माझ्या गालावरचा डाग त्यांनी पाहिलेला नाही."

"अकरा वर्षांत?"

"मिनरल पावडर लावते मी. हलकी असते, पुरळ येत नाही, लावलीय हे कुणाला कळतसुद्धा नाही. हे झोपले की पुसते, उठायच्या आत लावते."

"मग डब्या किती लागत असतील!"

"छे! हाच तर मोठा फायदा. चिमूटभर पुरते. लग्नात घेतलेली डबी अजून संपायचं नाव घेत नाही."

"काळ्या झाकणाची? आत बारीक चाळणी?"

"तुला गं कसं माहीत?"

"दादा दर तीन महिन्यांनी माझ्या दुकानातून ती पावडर नेतो. कुणासाठी, ते काही सांगत नाही."

"दर तीन महिन्यांनी?"

"आणि मी मूर्ख, त्याची बाहेर कुणी आहे असं समजून वर्षभर त्याच्याशी धड बोलले नाही. उठा, बेसिन तिकडे आहे."

"थांब. ह्यांना येऊ दे. मग धुते."