गळतीची यादी

बाळांनो, कल्पना करा. दवाखान्याच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसलेली आई, शेजारी आजीची शाल सांभाळणारी आठ वर्षांची लेक. पलीकडच्या निवृत्त शिक्षिकेच्या कानांवर त्यांचं बोलणं पडतंय.

“आई, ही कसली यादी?”

“माझा प्रोग्राम कामासाठी कंप्युटरची मेमरी मागून घेतो. परत द्यायची विसरला, की बंद होताना इथे दिसतं. ती गळती.”

“सगळ्यांना दिसतं?”

“छे गं! मी चुका शोधते तेव्हाच यादी चालू. एकदा बंद करायची राहिली, तर ती बघून गिऱ्हाइकांची पाचावर धारण बसली.”

“मग त्यांच्याकडे गळत नाही?”

“कधी गळतंही. दिसत नाही, एवढंच.”

“बाबा गेल्यापासून तुझंही तसंच आहे.”

“काहीतरीच तुझं!”

“आजीसमोर हसतेस, आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडतेस. मला ऐकू येतं.”

“हळू बोल, राणी. आजी आत डॉक्टरांकडे आहे. तिचा एकुलता एक मुलगा गेलाय. मीच ढासळले, तर तिनं कुणाकडे बघायचं?”

“आणि तू कुणाकडे?”

शिक्षिकेनं मान दुसरीकडे वळवली.

लेक बाकावरून उतरली, आईसमोर उभी राहिली आणि आजीची शाल दोन्ही हातांनी पडद्यासारखी उंच धरून म्हणाली, “आता फक्त मीच आहे. यादी चालू कर.”