हरवलेलं मेंढरू आणि बाकीचे

तुम्ही हसाल, पण डॉक्टरेट असूनही रविवारच्या शाळेत मुलांपुढे उभं राहिलं की माझी भंबेरी उडते. परवा आमच्या सानपाड्याच्या चर्चमध्ये त्यांना एक कार्टून सिनेमा दाखवला. त्यात हरवलेल्या पिल्लासाठी मालक सगळं सोडून वणवण फिरतो. त्यावरून येशूचा हरवलेल्या मेंढराचा दाखला समजवायचा, असा माझा बेत.

मी विचारलं, “शंभरातल्या एका हरवलेल्या मेंढरासाठी मेंढपाळ बाकीची नव्व्याण्णव सोडून गेला. बरोबर केलं का?”

मुलांमधला अनमोल म्हणाला, “काय आजोबा! तेवढ्यात ती नव्व्याण्णव पळाली तर?”

ही शंका मलाही आहेच.

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, “रूथ कुठेय?”

पाच वर्षांची रूथ खरंच जागेवर नव्हती. “चला रे, शोधू या!” म्हणत अनमोलसकट सगळा वर्ग बाहेर धावला. मी “थांबा, थांबा” म्हणेपर्यंत खोली रिकामी. आईबापांना काय सांगू?

इतक्यात पडद्यामागून डोळे चोळत रूथ आली. रिकाम्या सतरंजीकडे बघून म्हणाली, “आजोबा, सगळे हरवले?”

मग तिनं माझं बोट धरलं, आणि आम्ही दोघं नव्व्याण्णवांना शोधायला निघालो.