शहाबादी की वाळूचा

सोमवारी रेणापूरच्या स्टँडवर बाबांनी पिशवीत शेंगा कोंबल्या, तेव्हा धम्मप्रिया फक्त "पुरे" म्हणाली आणि नांदेडच्या गाडीत चढली. मंगळवारी बाबा गेले. महिन्याभरानं त्यांच्या नावाचा दगड घ्यायला ती लातूरच्या फरशीच्या दुकानात बसली होती. पुढं एक म्हातारं जोडपं होतं.

"शहाबादीच घ्या. गुळगुळीत अस्ती, अक्षर उठून दिसतंय," म्हातारी नवऱ्याला म्हणाली.

"मागचा शहाबादीच व्हता की. आईचं नाव गेलंच ना?"

"दर अमावस्येला ॲसिडनं घासल्यावर ऱ्हाईल का? संडास हाय का त्यो?"

"डाग पडले व्हते गं. आता तांबडा वाळूचा दगड घेऊ. त्यो ॲसिड सोसतो म्हनं."

"सोसतो, पन पानी पितो. बारीक अक्षर धरत न्हाई."

"दोनी गाळाचेच दगड. शहाबादी चुन्याचा, तांबडा वाळूचा."

"मंग चुन्याचा घ्या अन् निस्तं पान्यानं धुवा. माझ्याबी दगडाला ॲसिड लावू नका."

"तुझा दगड? गप. तू गेल्यावर मला करमंल का?"

"बघा, चारचौघांत काय बोलायलाव!"

"ताई, तुमच्यासाठी कोणता?" दुकानदारानं विचारलं.

धम्मप्रियानं समोरच्या कोऱ्या फरशीवर हात ठेवला.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "मला तुमच्याबिगर करमत न्हाई."