लोकेशन तेवढं विचारू नका

...आणि वर मलाच विचारतात, "काका, लोकेशन?" अहो, लोकेशन काय लोकेशन! फोटो बघा ना, फोटो! भिंतीवर टांगलाय एवढा मोठा, मंडळानं फ्रेम करून दिलाय, खाली सोनेरी अक्षरात नाव, 'हेमचंद्र टिपणीस', म्हणजे मीच, आणि आमची कुंदा रोज सकाळी देवांच्या तसबिरी पुसते त्याच फडक्यानं त्याचीही काच पुसते. गणपती, कुलस्वामिनी आणि चतुर! हो, चतुरच, तो नाही का पाण्यावर भिरभिरतो, चार पंख, लांब शेपटी, लहानपणी आपण त्याच्या शेपटीला दोरा बांधून हेलिकॉप्टर हेलिकॉप्टर म्हणून नाचायचो... तोच. येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा कप घेऊन त्या फोटोसमोर उभा राहतो आणि दोनच प्रश्न विचारतो. "ओरिजिनल आहे का?" आणि "कुठे मिळाला?" पहिल्याचं उत्तर देतो. फोटो ओरिजिनल आहे! एकशे एक टक्के! दुसरं विचारू नका. ते एकदा सांगून बसलोय.

आता ओरिजिनल आहे का, हे विचारतात तरी कशाला? कारण आम्ही राहतो उल्हासनगरला, कॅम्प पाचला, डुप्लिकेट मालासाठी बदनाम गावात. संपलं! पुण्याला मेहुणीकडे गेलो तर माझं घड्याळ बघून हसतात, बूट बघून हसतात, अहो, कुंदाचं मंगळसूत्र, माझ्या सासऱ्यांनी पेढीवर उभं राहून करून घेतलेलं, त्याच्याकडेसुद्धा वाकून वाकून बघतात! आमच्या बिल्डिंगखाली मुकेशचं कॅमेऱ्याचं दुकान आहे, तो मला म्हणतो, "साईं, ओरिजिनल बोलूं तो कोई मानता नहीं, इसलिए मैं डुप्लिकेट बोल के ओरिजिनल बेचता हूं." घ्या! आणि मी कोण? मी एकतीस वर्षं अंबरनाथच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला! माझ्या सहीशिवाय एक व्हॉल्व्ह गेटबाहेर पडला नाही. साहेबाचा फोन येऊ दे, मालकाचा येऊ दे, माल खराब म्हणजे खराब. अशा माणसाला कुणी डुप्लिकेट म्हटलं तर त्याचं काय होईल सांगा बरं... ते सांगतो, थांबा.

तर रिटायर झालो. घरात बसून पंधरा दिवस झाले नाहीत तोच मी कुंदाच्या फडताळातले डबे तपासायला घेतले, हे झाकण सैल, ते झाकण घट्ट, हळदीच्या डब्यावर तारीख नाही... ती म्हणाली, "अहो, बाहेर काहीतरी बघा, नाहीतर मी बाहेर जाते." मग मुकेशकडून सेकंडहँड कॅमेरा घेतला, फ्लॅशपुढे श्रीखंडाच्या डब्याचं झाकण कापून लावलं, उजेड मऊ पडतो त्यानं, आणि एका व्हॉट्सॲप ग्रुपात शिरलो. 'चतुर-टाचणी मित्रमंडळ'. टाचणी म्हणजे चतुराची सडसडीत बहीण. या ग्रुपचा ॲडमिन देवदत्त, वय सत्तावीस, पण सगळे सर म्हणतात म्हणून मीही सर म्हणतो. आपण फोटो टाकायचा आणि सरांनी नाव ओळखून सांगायचं. मी फोटो टाकला की सरांचं एका शब्दात उत्तर, "लॅटरल?" म्हणजे बाजूनं काढा. शेपटीवरचे पट्टे बाजूनं दिसल्याशिवाय जात ओळखता येत नाही म्हणे. वरून काढला, "लॅटरल?" समोरून काढला, "लॅटरल?" अहो, तो काय पासपोर्टच्या फोटोला बसलाय? शेवटी ओढ्याच्या चिखलात आडवा झालो, पोटावर, एकसष्टाव्या वर्षी! बाजूनं एक गुराखी चालला होता, तो म्हशीला म्हणतो कसा, "थांब गं, म्हातारा पडलाय."

आणि अशाच एका चिखलात मला रखमाबाई भेटली. बदलापूरच्या पुढे... किती पुढे ते विचारू नका... रस्ता संपतो, तिथे एक आंबा आहे, त्याच्याखाली स्कूटर लावायची... बघा! आंबा सांगून बसलो! विसरा तो आंबा. आंबा नाहीच आहे तिथे. तर रखमाबाई. वाडीवरची, सत्तरीची, डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, आणि हात दोन्ही मोकळे! माझ्याकडं बघत उभी. "काय शोधतंस रं, भाऊ? चावी पडली काय?" म्हटलं, "नाही मावशी, चतुर बघतोय, किडा." "कंचा? त्यो हिरव्या डोळ्यांचा? त्यो हितं नाय, त्यो वरती, आमच्या झऱ्याला. त्यो हाय तवर पानी गोड." तुम्हाला सांगतो, ग्रुपवर एकशे बारा माणसं, त्यांतली निम्मी डिग्रीवाली, पण हे असं एका वाक्यात मला कुणी सांगितलं नव्हतं.

नेलं तिनं मला. झरा म्हणजे केवढा, आपलं घंगाळ असतं ना, तेवढाच. खडकातून बोटभर पाणी. अख्खी वाडी तेच पिते. आणि पाण्यात वाकलेल्या एका काडीवर तो! हिरवे डोळे, काळं अंग, त्यावर पिवळे पट्टे... नाव नाही सांगणार, नाव सांगितलं की तुम्ही शोधत बसाल. मी कॅमेरा उचलला, तो उडाला. गेला! मी कपाळावर हात मारला, तर रखमाबाई म्हणाली, "बस घटकाभर. येतंय. काडी त्याची हाय ती." आणि आला हो! त्याच काडीवर! तीनदा उडाला, तीनदा आला, आणि तिसऱ्यांदा बसला तो आडवा. लॅटरल! तो हाच फोटो. ओरिजिनल!

निघताना ती म्हणाली, "भाऊ, येक सांगू? ही जागा कोनाला सांगू नुको हां. खालच्या धबधब्याला ते पिकनिकवालं येत्यात, बाटल्या फोडत्यात, आमच्या पोरींना पान्याला जायची चोरी झालीय. हितलं कोनाला ठावं नाय." मी म्हटलं, "मावशी, शब्द दिला." इथवर ठीक होतं. पण मी पडलो क्वालिटीवाला, गप्प बसेन तर ना! मीच उलट तिला अट घातली. म्हटलं, "पण तुम्हीपण इथे साबण लावून धुणं धुवायचं नाही. याची पिल्लं पाण्यात वाढतात, साबणानं मरतात." ती म्हणाली, "नाय लावायची." बस. झाला करार. सही नाही, शिक्का नाही.

घरी आलो, फोटो ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासानं देवदत्त सरांनी लिहिलं, "हा इकडे आजवर कुणाला दिसलेला नाही. खात्री आहे?" आणि त्याच्याखाली, पाच सेकंदात, डोंबिवलीचा एक गंधार, त्यानं लिहिलं, "काका, उल्हासनगरचा आहे ना? डुप्लिकेट असेल!" आणि पुढे डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसणारी तोंडं, ओळीनं पाच. त्याला तेवीस जण हसले. तेवीस! मी मोजले. मी लिहिलं, "फोटो ओरिजिनल आहे." तो लिहितो, "मग लोकेशन टाका की."

अहो, सही केलेल्या मालाला रिजेक्ट म्हणत होता तो पोरगा! कान तापले माझे. कुंदा आतून ओरडतेय, "चहा उकळून आटला, ठेवा तो फोन!" आणि मी... एकच बोट हो. एकच बोट लागतं. लाल पिन गेली ग्रुपवर. हा घे! तेवढ्यात देवदत्त सरांचा मेसेज, "काका, जागा टाकू नका, डिलीट करा." केलं की डिलीट! पण तोवर जायची तिथे गेली होती. आणि गंधारनं काय लिहिलं माहितेय? "सॉरी काका. रिस्पेक्ट." खोटं कशाला बोलू, आटलेला तो चहा मला त्या दिवशी फार गोड लागला.

पुढच्या रविवारी आंब्याखाली... नसलेल्या आंब्याखाली... अकरा गाड्या! आणि मी वाट दाखवायला पुढे, गळ्यात कॅमेरा, "काकांसोबत एक सेल्फी", "काका, जरा इकडे बघा". एकानं बॅकग्राउंड स्वच्छ हवं म्हणून झऱ्याकाठचं गवत कात्रीनं कापलं. एकजण बर्फाचा डबा घेऊन आलेला, म्हणे धरून थंड केला की हलत नाही, हवा तसा बसवता येतो! मी म्हटलं, "अहो, असं नका करू." पण कसं म्हटलं, तर कॅन्टीनमध्ये 'साखर कमी घाला' म्हणतात ना, तसं म्हटलं. आणि गंधारनं ती काडी, ती त्याची काडी, फ्रेममध्ये आडवी येते म्हणून मोडली. तेवढ्यात वाटेवर रखमाबाई आली, हंडा घेऊन. थांबली. एवढ्या माणसांत कुणाचा चेहरा ओळखीचा आहे का, ते बघत होती. मी काय केलं? मी कॅमेरा डोळ्याला लावला. समोर काही नव्हतं हो! नुसता खडक होता. खडकाचे सोळा फोटो काढले मी.

त्यानंतर ती पिन आमच्या ग्रुपात थोडीच राहते! कुणीतरी रील केलं, 'बदलापूरजवळचा सिक्रेट झरा', वर ढिंच्याक गाणं. मग चतुर बघणारे नाही आले, नुसतेच आले. वेफर्सची पाकिटं आली, बाटल्या आल्या, रश्श्याची पातेली झऱ्यात घासली. आणि इकडे मंडळानं माझा सत्कार केला! शाल, नारळ आणि ही फ्रेम. देवदत्त सर भाषणात म्हणाले, "काकांनी चिकाटीनं मिळवलेली अस्सल नोंद." टाळ्या. कुंदाच्या डोळ्यांत पाणी, आणि मी नारळाची शेंडी कुरवाळत बसलो.

सत्कारानंतरच्या गुरुवारी गेलो. एकटाच. ठरवूनच गेलो, की पायावर डोकं ठेवायचं आणि सांगून टाकायचं, मावशी, मी सांगितलं, माझं चुकलं. वाटेत तीनदा पाठ केलं, स्कूटर चालवताना मोठ्यानं. झऱ्यावर गेलो. तासभर बसलो, दोन तास बसलो. काडी नाही, तो नाही, पाण्याला वास. मग खालून रखमाबाई आली. लांबून पाणी आणत होती, पार पलीकडच्या विहिरीवरनं, धापा टाकत. मला बघितलं, हंडा उतरवला आणि माझ्याआधी तीच बोलायला लागली.

"भाऊ, तुझा किडा गेला रं." म्हटलं, "हो मावशी, मी तेच..." "आयक तरी. माझ्याच्यानं गेला त्यो. तू सांगितलंस साबन नाय लावायचा, तवापासून मी धुनं घेऊन लांब खाली जायची, खरं सांगते. पन नातसून बाळंत झाली, त्यात माझा गुडगा सुजला, मंग येक दिस... येकच दिस हां भाऊ... बाळाची दुपटी हितं धुतली. साबन लावला. तवापासून त्यो दिसला नाय बघ." आणि डोळ्याला पदर! मी उभा. पाठ केलेलं सांगायला तोंड उघडतोय, ती आपली बोलतेच आहे, "ते कॅमेरेवालं आलं तवा वाडीतलं म्हनाय लागलं, तुझ्या त्या भाऊनंच सांगितलं आसंल. मी भांडले त्यांच्याशी! म्हनलं, आमच्या भाऊनं शब्द दिलाय. माझा शब्द मोडला, पन त्याचा नाय मोडायचा. रागावलास काय रं?"

आता बोला. काय बोलायचं होतं, ते माहीत होतं ना मला? तोंडाशी आलेलं होतं ना? आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडलं सांगू?... "असू द्या, मावशी. होतं असं कधीकधी."

माफ केलं हो मी तिला! मी! तिला!

आणि तिला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की तिनं त्या लांबून आणलेल्या हंड्यातलं तांब्याभर पाणी मला प्यायला दिलं. मी प्यायलो. गटागटा. त्यानंतर दर गुरुवारी निघतो, सांगून टाकायचं म्हणून. आंब्यापर्यंत जातो. स्कूटर लावतो, हेल्मेट काढतो, परत घालतो, घरी येतो. कुंदा विचारते, "दिसला का?" म्हणतो, नाही दिसला. ती म्हणते, येईल हो, तुम्ही चिकाटी सोडू नका!... आणि घेते फडकं, लागते काच पुसायला.

म्हणून म्हणतो, लोकेशन विचारू नका. बाकी काय हवं ते विचारा. ओरिजिनल आहे का? आहे. पट्टे मोजून घ्या, पंख मोजून घ्या, पाहिजे तर मुकेशला वर बोलावतो, तोसुद्धा सांगेल. फोटो ओरिजिनल आहे. खाली सोनेरी अक्षरात नाव लिहिलंय ना, तेवढं डुप्लिकेट आहे.

घ्या, चहा घ्या.