वडगाव रासाईचे शेलार

सीमा : म्हंजी नुसतं आडनाव सांगितलं, आन् पुढचं सांगितलंच न्हाई?

नवनाथ : खोलीच्या मालकिणीनं विचारलंच न्हाई. "कुठले शेलार?" म्हणाल्या. मी म्हणलं, वडगाव रासाईचे. खोटं काय हाय त्यात?

सीमा : खोटं न्हाई. पण त्यांनी काय धरून घेतलं, ते तुम्हाला कळलं की.

नवनाथ : हळू बोल. पुढच्याच गल्लीत घर हाय त्यांचं. सीमा, दौंडात तीन खोल्या बघितल्या मी. रेल्वेवाल्यांना सरकार घरभाडं देतंय, म्हणून भाव चढलेत. एका खोलीला तर माझा अर्धा पगार. ह्या कुशाबाईंनीच तेवढं परवडंल असं सांगितलं. एक तारखेला कुरकुंभच्या कंपनीत कामावर हजर व्हायचंय. शिरूरची खोली तर सोडून बसलोय.

सीमा : आन् तुमचे आबा वडगाववरनं आले, दारातनंच 'जय भीम' म्हणले, तर?

नवनाथ : आबांना सांगू की. थोडे दिवस...

सीमा : कोण सांगणार? तुम्ही?

नवनाथ : तू उगं आत्तापासनं जिवाला घोर लावून घेऊ नको.

सीमा : बाबासायबांचा फोटो?

नवनाथ : आतल्या भिंतीला लावू.

सीमा : एकच खोली हाय म्हणताय. त्यात आतली भिंत कुठली?

नवनाथ : बघ, दारातच उभ्या हायेत त्या. आता गप. मावशी, आलो बरं का. ही आमची सीमा.

कुशाबाई : ये गं, आत ये. हे बघ, नळ सकाळी येतोय, तवाच भरून ठेवायचं. भिंती परवाच चुना मारून घेतल्या. पोरगी हाय म्हणले हे. नाव काय तिचं?

सीमा : गौतमी. जूनला पहिलीत बसंल.

कुशाबाई : शाळा मागच्याच आळीला. मालक गेल्यापासनं घर खायला उठतंय बघ. लेकराचा आवाज पाहिजे घरात.

सीमा : मावशी, खोली आवडली. पण एक सांगायचं होतं.

नवनाथ : सीमा, भाड्याचं ठरलंय आमचं...

सीमा : भाड्याचं न्हाई. मावशी, आम्ही बौद्ध हाय.

(कुशाबाई दार ओढून घेते.)

कुशाबाई : हळू गं बाई. वर दीर राहतोय.

सीमा : तुम्हाला चालणार न्हाई का?

कुशाबाई : मला काय व्हायचंय? आमचे मालक रेल्वेत गँगमन होते, रुळावर सगळ्यांच्या डब्यातलं खाल्लंय त्यांनी. पण घराची वाटणी झाली न्हाई अजून. दिराचा डोळा हाय ह्या खोलीवर. त्याला निमित्तच घावंल. तुम्ही राहा. तेवढं त्याला कळू देऊ नका.

नवनाथ : न्हाई कळायचं, मावशी.

सीमा : म्हंजी बाबासायबांचं नाव घ्यायचं न्हाई घरात?

कुशाबाई : घे की. दार लावून घे.

सीमा : मी घेईन दार लावून. पण गौतमी उठल्या उठल्या फोटोला हात जोडती, मोठ्यानं वंदना म्हणती. आज्यानं शिकवलीय. तिला कसं सांगू, हे हळू म्हणायचं असतं म्हणून?

कुशाबाई : ल्हान हाय ती. विसरून जाईल.

सीमा : त्याचंच भ्या वाटतंय, मावशी.

कुशाबाई : तू बोलली नसतीस तर बरं झालं असतं बघ. मला ठावंच नसतं, तर मीबी निवांत राहिले असते. बसा, चहा टाकते.

सीमा : टाका. तेवढं दार उघडा. कोंडल्यावानी होतंय.

कुशाबाई : दीर आत्ता खाली येईल, त्याची ड्युटीवर जायची येळ झालीय. चहाला परत कवातरी या.

नवनाथ : येतो, मावशी. चल सीमा.

सीमा : आलं की स्टँड. रागावलाय का माझ्यावर?

नवनाथ : रागावून काय करू? शिरूरची एसटी लागायला येळ हाय. बस हितं. दार लावून दोन-तीन म्हैने तिथं काढले असते, मग दुसरी खोली बघितली असती.

सीमा : तुम्ही ड्युटीवर. तेवढे म्हैने मी जिन्याकडं कान लावून बसले असते. कोण उतरलं, कोणी ऐकलं.

नवनाथ : आन् आता? शिरूरच्या मालकानं आपल्या खोलीत कंपनीतली पोरं घेतलीत, माणशी भाडं लावून. वडगाववरनं रोज यायचं म्हणलं, तर पहिल्या पाळीला गाडी न्हाई.

सीमा : मग तुम्हीबी हितं पोरांच्यात भाड्यानं कॉट घ्या. मी गौतमीला घेऊन वडगावला राहते, आबांपाशी. तिथल्याच शाळेत घालू तिला.

नवनाथ : बायको-लेकरू असून मी पोरांच्यात राहू?

सीमा : मला काय हौस हाय का? म्हणलं, बोलले तर ह्यांचा जीव जाईल, न बोलले तर माझा.

नवनाथ : त्यांनी दार ओढलं ना, तवा चोरी करताना घावल्यावानी वाटलं. आपलंच नाव, आन् चोरी.

सीमा : कंपनीला सुट्टी कवा असती?

नवनाथ : गुरुवारी.

सीमा : गुरुवारी तिची शाळा असणार.

नवनाथ : सांजच्याला घडीभर भेटंल की. मग निघायचं माघारी.

सीमा : बुधवारीच येत जा. ड्युटी सुटली की तसंच निघायचं. आम्ही जेवायचं थांबू.