साठ हातांची पागोटी

पेटी जरा थांबू दे. तबलजी, तुम्हीही हात पुसून घ्या. मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर ज्यानं त्यानं मनात द्यायचं, शेजारच्याच्या तोंडाकडे बघायचं नाही.

आजारी पडलात, वैद्याकडे गेलात. हातात नाडी देण्याआधी त्याची उंची विचारलीत? नाही. लग्नाला आचारी ठरवलात, गवंडी बोलावलात – विचारलीत? नाही. आपण उंची विचारतो दोघांचीच. एक नवरीची, दुसरी पुढाऱ्याची. "कसा, भारदस्त पाहिजे." का? तर म्हणे त्याला डोक्यावर घ्यायचं असतं. अहो, डोक्यावरच घ्यायचं, तर उंच कशाला बघता? हलका बघा की!

तर प्रश्न असा – पुढाऱ्याची उंची नेमकी असते कुठं? ऐका.

खरवड आणि निंबळे अशी दोन गावं. खरवडच्या पाटलांचा मूळ पुरुष म्हणे इतका उंच, की त्याच्याकडे सकाळ गावाच्या आधी व्हायची. पाय आज भिजले, तर शिंक परवा यायची. सर्दीला वर चढायला वेळ लागणारच. हसू नका, मी निम्मं कमी करून सांगतोय.

या दोन गावांत मिळून तळं एक, बांध एक, आणि बांधाला मोऱ्या दोन; एक खरवडच्या पाटाला, एक निंबळ्याच्या. उन्हाळी पाणी सोडायचा दिवस आला, की दोन्ही गावचे पाटील बांधावर पाठीला पाठ लावून उभे राहायचे. जो उंच, त्याच्या गावाची मोरी आधी उघडायची. पहिले आठ दिवस पाणी त्यांचं. अशी रीत.

मग काय होणार? गावांनी पाटील निवडताना अक्कल विचारायचं सोडलं. पाटलांनी सुना आणल्या त्या माडासारख्या. तेवढ्यानं भागेना, तेव्हा खडावांची लाकडं जाड झाली. मग पागोटी वाढली – वीस हात, चाळीस हात, साठ हात! माणूस खाली आणि कापडाचं दुकान वर. फक्त एक अट होती. पागोटं हातानं धरायचं नाही, आणि मान वाकवायची नाही. मान वाकली, पागोटं पडलं, की हार. म्हणून मापाच्या दिवशी पाटील समोर बघायचे, खाली बघायचे नाहीत.

आता बांधाच्या पायथ्याला या. तिथं लोणाऱ्यांची चाळीस घरं, चुन्याच्या भट्ट्या. त्यातल्या एका भट्टीवर भागा लोणारीण. उंची म्हणाल, तर खरवडच्या हैबतराव पाटलाच्या कमरेशी तिचं डोकं यायचं. चुन्यानं हात चिरलेले, भुवया धुरानं पिवळ्या. घरात तिची लेक कमळी, दहा दिवसांची बाळंतीण, अंगात ताप, कुशीत पोर.

भागा गेले तीन दिवस बांधाच्या बुडाशी ओल बघत होती. तीन दिवस पाणी निवळ होतं. निवळ पाणी पाझरतं, त्याचं भय नसतं. त्या सकाळी तिनं बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, आणि बोटावर माती राहिली. गढूळ पाणी म्हणजे बांध आतून पोखरत चाललाय.

कमळीची खाट उचलायला चार गडी हवेत, आणि वस्तीतला एकूण एक गडी वर, मापाला गेलेला. शिवाय खाट एकीची हलवली, तरी बाकीची घरं कुठं हलवायची? भागा बांध चढली.

वर काय? माप कालपासून अडलेलं! खरवडचे हैबतराव आणि निंबळ्याचे सुभानजी, दोघंही बरोब्बर सारखे. सुतारानं दोन्ही पागोट्यांवर आडवी फळी टाकली, तिच्यावर पाण्याची वाटी ठेवली, तर वाटीतलं पाणी इकडं कलेना की तिकडं. मोऱ्या बंद. तळं काठोकाठ.

"पाटील, मोऱ्या उघडा. बांध पोखरलाय."

हैबतराव समोर बघत म्हणाले, "कोण बोलतंय?"

"मी. भागा."

"कुठं आहेस? दिसत नाहीस."

लोक खदखदा हसले. भागा म्हणाली, "खाली बघा, दिसेन."

पाठीमागून सुभानजी गोड आवाजात म्हणाले, "बघा की हैबतराव. तुमच्याच गावची बाई आहे. एवढं कळवळून सांगतेय."

"तुम्हीच बघा सुभानजी. बांध दोघांचा आहे."

"आमची मान आखडलीय."

"आमचीही!"

मंडळी, बांध फुटायला आलाय आणि दोन मोठी माणसं मान आखडल्याचं सांगतायत. आपल्याकडे असं होत नाही म्हणा. आपल्याकडे निदान चौकशी समिती तरी नेमतात.

चुनखडी फोडायचा हातोडा भागाच्या कमरेला होता. ती खरवडच्या मोरीशी गेली, मोरीचं दार अडवणारी पाचर एका घावात उडवली. निंबळ्याच्या मोरीशी गेली, तीही उडवली. दोन्ही पाटांनी पाणी एकदम सुटलं.

झालं! शंभर वर्षांत दोन्ही गावांचं पहिल्यांदा एकमत झालं – हिला धरा. धरलं. दंड धरून पाटलांपुढं उभी केली.

"रीत मोडलीस," हैबतराव समोरच्या डोंगराला म्हणाले. "गावाबाहेर काढा हिला."

"काढा," भागा म्हणाली. "मला काढायला चौघं तर लागतील? तेच चौघं आधी माझ्या लेकीची खाट उचला. बाकीच्यांनी खाली बघा. मान वाकवायची बंदी या दोघांना आहे. तुम्हांला कुणी केली?"

कोणी हललं नाही. पाटलांच्या देखत पाटलांनी न बघितलेलं बघायचं, म्हणजे मोठंच धाडस. ज्यानं तिचा दंड धरला होता, तो निंबळ्याचा गडी आधी वाकला. वाकला आणि त्याची पकड सुटली.

"अरे, माती वाहतेय," तो म्हणाला. "बांधाची माती."

मग सगळेच वाकले. मग सगळेच पळाले. चौघं कमळीच्या खाटेकडे, बाकीचे फावडी-पाट्या घेऊन. कुठलं खरवड आणि कुठलं निंबळे! भागानं तळ्याच्या अंगाला जाऊन पाणी न्याहाळलं. एके ठिकाणी ते गरगरत होतं. "इथं आहे भोक," ती म्हणाली. "चिकणमाती टाका." पाट्यांवर पाट्या टाकल्या, सगळी माती भोकानं गिळली. पलीकडं बुडाशी गढूळ धार जाडच होत चालली.

"कापड पाहिजे," भागा म्हणाली. "लांब आणि दणकट. त्यात माती-चुना बांधून बोळा घालायचा. धोतरं पुरायची नाहीत."

सगळ्यांनी वर बघितलं.

वर दोन पाटील, पाठीला पाठ लावून. सुतारसुद्धा वाटी टाकून पळालेला. बाजूला चिटपाखरू नाही.

भागा त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. "पागोटी द्या."

"हात पोचत असेल तर घे," हैबतराव म्हणाले.

"नाही पोचत. आणि मी टाचा उंचावणार नाही. तुम्ही वाका."

"पुढच्या वर्षीचं पाणी –"

"पुढच्या वर्षी तळं असलं, तर पाणी. वाका पाटील."

हैबतराव हळूच म्हणाले, "सुभानजी, माप कोण घेतंय?"

"आमच्याकडनं कोणी दिसत नाही. तुमच्याकडनं?"

"आमच्याकडनंही नाही."

आता गंमत बघा. माप घेणारं कोणी नाही म्हटल्यावर दोघांनाही वाटलं, चोरून जरा खाली बघून घ्यावं. दोघं एकाच क्षणी पुढं वाकले. पाठीला पाठ लावून दोन माणसं एकदम वाकली, तर काय कशाला धडकतं, हे मी देवासमोर उभा राहून सांगणार नाही. हैबतराव पुढच्या चिखलात, सुभानजी मागच्या तळ्यात! कोण आधी पडलं, ते आजवर कोणी सांगू शकलेलं नाही, कारण मापणारं कोणी नव्हतं, आणि भागाचं लक्ष पागोट्यांवर.

भागानं त्यांच्याकडे बघितलंही नाही. "तळ्यातलं पागोटं आधी आणा," ती म्हणाली. "ओल्या कापडाला चुना धरतो." दोन पागोटी, एकशेवीस हात कापड, त्यात चिकणमाती, तिच्या भट्टीचा चुना, वर दगडांचं वजन. कमरेएवढ्या पाण्यात गडी उभे, भागाच्या गळ्याशी पाणी, आणि हुकूम तिचा. पहिला बोळा बुडाला, गरगर मंदावली. दुसरा बसला, गरगर थांबली. पलीकडं बुडाशी गेलेला गडी ओरडला, "धार तुटली!"

कमळीची खाट परत आली, तेव्हा पोर दूध पीत होतं.

आता तुम्हांला वाटेल, गावांना शहाणपण आलं, भागाला पाटीलकी दिली. तुम्ही फार भोळे आहात हो. पुढच्या वर्षी दोन्ही गावांनी नवे पाटील निवडले, आणि ते जुन्यांपेक्षा वीतभर उंच! बांधावर गर्दी, पाठीला पाठ, वर फळी, फळीवर वाटी. आणि दोन मोऱ्यांच्या मधे हातोडा घेऊन भागा.

"थांब भागे, माप व्हायचंय," कोणीतरी म्हणालं.

"होऊ द्या की," ती म्हणाली. "तुमचं माप चालू द्या. पाणी थांबायचं नाही."

दोन घाव, दोन पाचरी. पाणी दोन्ही पाटांनी गेलं. या खेपेला तिचा दंड धरायला कोणी पुढं आलं नाही. उलट निंबळ्याच्या दोन बाया पाटाच्या कडेनं पाण्याबरोबर चालू लागल्या. मग दहा, मग पन्नास. जरा वेळानं बांधावर पाटील होते, आणि उंचीही होती. नव्हते ते मापणारे.

मंडळी, पुढच्या महिन्यात आपल्याकडेही चौकात चाळीस फुटी चित्रं उभी राहतील. हात जोडलेली. तुम्ही मान वर करून बघाल, मग म्हणाल, केवढा मोठा माणूस. मी विचारतो, त्याच्या पायाखालचं गटार कोणी बघितलंय? तुमची मान तुमचीच आहे ना? कुठं वाकवायची, कुठं नाही, ते त्याला विचारून ठरवणार आहात?

आणि माझंही ऐका. तासभर तुम्ही मला मोठा समजून ऐकताय. का? मी चौथऱ्यावर उभा आहे, आणि तुम्ही सतरंजीवर बसलेले आहात. आता आरतीची वेळ झाली. मी खाली येतो. तुम्ही सगळे उभे राहा, आणि मग बघा बुवा केवढा आहे ते.