दोन बोटं मोठी कुंडी

दाताच्या डॉक्टरकडे माझ्या शेजारी दोन जावा बसल्या होत्या. त्यांच्या सासूबाई आत होत्या, खुर्चीत.

"माझी मनी प्लांटची वेल कशी आहे गं?"

"मस्त आहे, वहिनी. पडद्याच्या दांडीवरून दारापर्यंत गेलीय."

"माझ्याकडे इतकी वर्षं होती, एक पान वाढेल तर शपथ."

"मी फक्त कुंडी बदलली."

"मीही बदलली होती. चांगली बादलीएवढी आणली."

"तिथंच चुकलं. पाणी साचून मुळं कुजतात. आधीच्यापेक्षा दोन बोटं मोठी पुरते."

"बरं बाई. अजून काय केलंस?"

"मुळं आवळली होती, ती मोकळी केली."

"म्हणजे मी आवळून ठेवली होती."

"वेलीबद्दल बोलतेय मी."

"मीपण वेलीबद्दलच बोलतेय. आई जेवतात का नीट?"

"हो. परवा तर गाणं गुणगुणत होत्या."

"माझ्याकडे होत्या तेव्हा कधी नाही गुणगुणल्या."

"एक फांदी देऊ का, वहिनी? पाण्यात ठेवली की मुळं फुटतात."

"फांदी तुझ्याकडेच ठेव."

दार उघडलं. गाल धरून सासूबाई बाहेर आल्या. थोरलीनं वाकून त्यांच्या चपला सरळ केल्या.

"आई, आता चार दिवस माझ्याकडे चला."

"मग वेलीला पाणी कोण घालणार? हिनं कुंडी बदलली, बाकी सगळं मीच बघते."

धाकटी पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

"वेलही घेऊन चला की," थोरली म्हणाली.

"तुझ्या त्या बादलीत? नको गं."

"छोटी आणते, आई. दोन बोटंच मोठी. जाता जाता घेऊ."